बिनकल्हईच्या वाघिणी

नंदुरबार
१४ जानेवारी २०२५

चि. पारस यास,
अनेक आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

पाचवी वाघीण पाठवतो आहे. थर्माकोलमध्ये नीट बसवली आहे, तरी खोकं उघडताना कात्री आत खुपसू नकोस. मागच्या वेळी पायरी वाकली ती तुझ्याच घाईनं, असं माझं ठाम मत आहे.

तुझी मामी परवा शेजारच्या चांदनीला सांगत होती, "आमच्या घरात आता पाच वाघिणी आहेत, सहावी मी." चांदनी नवीन लग्न होऊन आलेली, मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात हे तिच्या गावीही नाही. ती बिचारी दारातूनच परत फिरली. मामी दिवसभर हसत होती.

ही पाचवी मला जड गेली. तू पाठवतोस तो पितळी पत्रा दिसायला किती साधा. अॅसिडनं कोरलेले सगळे भाग त्यात बारीक देठांनी अडकलेले. देठ कापायचे, कानशीनं घासायचे, कोरलेल्या रेघेवर पत्रा दुमडायचा आणि सोल्डरिंग आयर्ननं डाख द्यायचा, की झाली तळहातावर मावेल एवढी वाघीण. बोलायला सोपं. या खेपेला दाराची कडी भाताच्या शितापेक्षा लहान होती. चिमट्यातून उडाली ती मामीच्या पापडाच्या पिठात सापडली. बसवताना डाख तीनदा सोडवला, चौथ्यांदा मनासारखी बसली. हात थोडा थरथरतो, तुला माहीतच आहे. घाई केली नाही तर ऐकतो.

भांड्यांचं दुकान पोराच्या, रिषभच्या हाती दिलं त्याला दोन वर्षं होत आली. सुरुवातीला मी गल्ल्यामागं नुसता बसायचो आणि गिऱ्हाईक माझ्याकडे न बघता रिषभला भाव विचारायचं. तू तो पहिला पत्रा आणला नसतास तर मी त्या खुर्चीतच संपलो असतो. आता घरी कुणी आलं की मी त्याला कपाटाशी नेतो आणि म्हणतो, हे मी केलं. रंग भाच्याचा, पण जोडणी माझी. या वयात असं म्हणायला काहीतरी असणं म्हणजे काय, ते तुला इतक्यात नाही कळायचं.

एक राहिलं. छत खालून दोन स्क्रूंवर बसवलं आहे. रंग देण्याआधी उघडून आत बघ. पाचही वाघिणींच्या पोटात मी एक काम केलेलं आहे आणि तू आजवर त्यावर चकार शब्द काढलेला नाहीस. बघणाऱ्याला दिसतं.

रंग नेहमीचाच, विटकरी तांबडा. फोन करू नकोस, फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरतो, असं रिषभ म्हणतो. खोक्याबरोबर पत्र, हा आपला नियम चांगला आहे. घरात आपण मारवाडी बोललो तरी कागदावर दोघं मराठी शाळेचे.

तुझा
कांतीमामा


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. मामासा,
सादर प्रणाम.

वाघीण सुखरूप पोचली, रंगवून झाली आणि या पत्राबरोबर परतही येते आहे. कात्री लांब ठेवली होती.

कडी बघून मी आणि तुमची भाचेसून नेहल दोघंही थक्क झालो. नेहल म्हणाली, मामासांना आमच्या ऑफिसात घ्या, तिथं कुणाला दोन तारा सरळ जोडता येत नाहीत. खरंच, दर वेळी तुमचं काम आणखी देखणं होतंय.

आतलं पाहिलं. मामासा, त्याची तुम्ही अजिबात काळजी करू नका. आतलं कोण बघतंय? बाहेरून एकदम झकास आहे. छत मात्र आधीच्या चारांसारखंच चिकटवून टाकलंय, नाहीतर फटीतून धूळ जाते. उघडायला जाऊ नका, रंगाचे पोपडे निघतील.

मामीसांना प्रणाम. पापडात आणखी काही भाग सापडले तर जपून खा म्हणावं.

तुमचा
पारस


नंदुरबार
६ जुलै २०२५

चि. पारस,
अनेक आशीर्वाद.

बरेच दिवस लिहिलं नाही. खरं सांगू? "आतलं कोण बघतंय" हे तुझं वाक्य मला खुपलं. मग म्हटलं, सोडून द्या, पुण्याला राहून पोरगं भांड्यांतलं विसरलं. राग गेला आहे, पण गेला हे सांगायला पाच महिने लागले.

आता बातमी. इथल्या छंद मंडळाचा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मेळा आहे. कुणी नाणी मांडणार, कुणी काडेपेट्या, मोलगीचा एक जण बांबूच्या बासऱ्या आणणार. मंडळाचा भावेश घरी आला, कपाट बघून खालीच बसला. म्हणाला, "कांतीशेठ, नुसत्या ठेवू नका. टेबल देतो, लोकांसमोर बसून एक वाघीण करी दखाडा." मी लगेच हो म्हटलं. मामीला सांगितलं तर ती म्हणे, कशाला उगाच गर्दीत बसता, दगदग होईल. तिला माझी काळजी जरा जास्तच.

दिवाळीत तू आणलेला सहावा पत्रा मी मेळ्यासाठी राखून ठेवतो. हाताला सवय म्हणून आणखी एखादा लवकर पाठव.

कांतीमामा


पुणे
१५ जुलै २०२५

ती. स्व. मामासा,
प्रणाम.

मेळ्याचं वाचून आनंद झाला. पण एक सुचवू का? करून दाखवायच्या भानगडीत पडू नका. तिथं ढकलाढकली असते, वीज जाते, लहान मुलं गरम आयर्नला हात लावतात. कुणी काहीबाही बोललं तर तुमच्याच जिवाला लागेल. वाघिणी काचेत मांडा, बाजूला खुर्ची टाकून बसा, लोक कौतुक करतीलच. आणि हाताळायला कुणालाही देऊ नका.

पत्रा सध्या मिळत नाहीये. बघतो.

मामीसांचंही हेच म्हणणं आहे, त्यांचा फोन आला होता.

तुमचा
पारस


नंदुरबार
२० जुलै २०२५

चि. पारस,

तुझं पत्र वाचून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. तुझ्या मनातलं मी ओळखलं. दोन वर्षं रंग तू देतोस आणि वाहवा मामाची होते, हेच ना? अरे वेड्या, सांगायचंस ना सरळ. टेबलावरच्या पाटीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिणार आहे : जोडणी, कांतीलाल. रंग, पारस, पुणे. आता तरी रुसवा जाईल?

बसणार मात्र मी लोकांसमोरच. गल्ल्यामागच्या खुर्चीत पुष्कळ बसलो, आता काचेमागच्या खुर्चीत बसवू नकोस.

मामा


नंदुरबार
१२ ऑगस्ट २०२५

पारस,

मेळा झाला. तुझ्या नावाची ती पाटी मी स्वतःच्या हातानं रंगवली होती. आठवलं की तोंड कडू होतं.

रविवारी सकाळी टेबलावर बसलो. देठ कापले, भिंती दुमडल्या, कोपऱ्याला डाख दिला. माणसं जमली. हात थरथरत होता, सगळ्यांना दिसत होता, पण आयर्न टेकलं की थांबत होता. म्हसावदचे लोटन पाटील आले होते. रेल्वेत गार्ड होते, आता शेती बघतात. त्यांनी उभ्यानं सगळं बघितलं, तू रंगवलेली पाचवी हातात घेतली आणि म्हणाले, "शेठ, बाहेरथून ते झकास शे. आतमा कसं शे ते दखाडा ना."

हाच प्रश्न मी दोन वर्षं तुझ्याकडून ऐकायला टपलो होतो. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. म्हटलं, भाऊ, मी भांडेवाला. पितळेला आतून कल्हई नसली तर त्यात ताक कळकतं, आमटी कळकते. बिनकल्हईचं पितळ आमच्या चुलीवर चढत नाही. म्हणून मी वाघिणीलाही आतून कल्हई करतो. पत्रा सपाट असतानाच तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचं आणि कापसानं पुसून घ्यायचं. जान्या कल्हईवाला आमच्या दुकानाच्या पायरीवर बसायचा, त्याच्याकडून शिकलो. त्याचा वाघिणीला उपयोग काही नाही, कुणाला दिसतही नाही, पण माझ्या हातून जाणारं पितळ मी उघडं सोडत नाही.

एवढं भाषण करून मी ब्लेडनं छत उचकटलं.

लोटन पाटलांनी चष्मा सावरला. "शेठ, हाई ते पिवळं जरद शे. कल्हई कोठे शे?"

मी दुसरी उघडली. तिसरी उघडली. पाचही उघडल्या. पाचही आतून कोऱ्या पिवळ्या, कथलाचा टिपूस नाही. लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे अदबीनं दुसरीकडे बघायला लागले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ऱ्हाऊ द्या, वय व्हयनं शेठचं."

पारस, त्या घटकेला मला स्वतःचाच संशय आला. वाटलं, आपण कल्हई केलीच नव्हती, नुसती केल्यासारखी वाटत होती. भरल्या सभागृहात मी माझ्या डोक्याची खात्री घालवून बसलो, ती तुझ्यामुळे. घरी येऊन भिंग घेतलं. पाचवीच्या दारामागं, कडी सोडवताना माझ्या कानशीचा खोल ओरखडा गेला होता. तो ओरखडा तिथं नाही. ती कडी माझी नाही. ती वाघीण माझी नाही. एकही माझी नाही.

दोन वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कपाटाशी नेऊन दुसऱ्याचं काम दाखवत होतो आणि छाती फुगवत होतो. तू मला खोटं पाडलंस. माझ्याच घरात, माझ्याच तोंडून.

माझ्या वाघिणी कुठं आहेत, तेवढं लिही. बाकी काही लिहू नकोस.

कांतीलाल


पुणे
२९ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मामासा,
मिच्छामि दुक्कडम्.

दर संवत्सरीला क्षमेचे हे दोन शब्द मी मोबाइलवरून सगळ्यांना एकदम पाठवून मोकळा होतो. या वर्षी तुम्हाला हातानं लिहितोय.

तुमच्या पाचही वाघिणी माझ्याकडे आहेत. फरसाणाच्या डब्यात, कापसात ठेवल्यात. एकही टाकली नाही. या पत्राबरोबर पाठवतो आहे.

बाकी लिहू नकोस म्हणालात, तरी लिहितो. पहिली वाघीण तुम्ही माझ्यासमोर टेबलावरच्या छोट्या रुळावर ठेवलीत आणि ती घसरून पडली, आठवतं? तुम्ही हसलात. नंतर तुम्ही जैन स्थानकात प्रवचनाला गेलात तेव्हा मामीसांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. म्हणाल्या, यांच्या हातून दुकान सुटलं, आता हेही सुटलं तर माणूस भिंतीकडे बघत बसेल, तू काहीतरी कर. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, करतो. तेव्हापासून दर वेळी दोन पत्रे मागवायचो, एक तुम्हाला आणि एक मला. तुमची आली की माझी रंगवून परत पाठवायचो. मामीसांनी मला त्यांची शपथ घातली होती. ती आज मोडतोय, कारण तुम्ही मला एकट्यालाच चोर समजावं हे मला सहन होत नाही.

कल्हईचं मला खरंच कळलं नाही. पहिली उघडली तर आत सगळीकडे कथील. दुसरीतही तेच. मी समजलो, हात थरथरतो म्हणून डाख सांडलाय. तुमचा हात गेला अशी माझी खात्री पटली ती त्यावरूनच. तुम्ही "आत बघ" लिहिलंत तेव्हा वाटलं, तुम्हालाच त्याची लाज वाटतेय आणि मी समजून घ्यावं असं सुचवताय. म्हणून लिहिलं, काळजी करू नका. पाहिलं असं लिहिलं, पण पाहिलं नव्हतं. तिसरीपासून मी एकही उघडली नाही. आली की तशीच डब्यात ठेवत होतो. बघवत नव्हतं.

तुमचं मन दुखवायचं नव्हतं, एवढ्यासाठीच सगळं केलं. नेहल म्हणते, तेच जास्त दुखवणारं आहे. तिचं बरोबर असेल.

तुमचा
पारस


नंदुरबार
१४ सप्टेंबर २०२५

पारस,

डबा पोचला.

तुझं मिच्छामि दुक्कडम् वाचलं. संवत्सरीच्या प्रतिक्रमणात मी सगळ्या जीवांची क्षमा मागितली आणि सगळ्यांना क्षमा केली, त्यात तूही आलास. पण वेगळं तुझं नाव घ्यायला गेलो तर जीभ वळली नाही. पुढच्या वर्षी वळेल कदाचित. खोटं लिहायचं नाही म्हणून सांगतो.

वाघिणी एकेक करून रुळावर ठेवल्या. पहिली पडली. तिची चाकं तिरपी आहेत, आज मलाही दिसतात. दुसरी डुलत डुलत गेली आणि अडली. या दोघींबद्दल तुझं म्हणणं मला कबूल आहे. पण पारस, डाख तापवला की सुटतो. चूक झाली तर सोडवता यावी म्हणूनच तो डाख. "मामासा, चाकं तिरपी बसलीत" अशी एक ओळ लिहिली असतीस तर मी सोडवून पुन्हा बसवली असती. तुझ्या आजोबांनी मला दुकानात भर गिऱ्हाइकांसमोर चुका दाखवल्या, मी मेलो नाही.

मग तिसरी ठेवली. ती डुलली नाही. चौथी नाही. पाचवीला बोटानं जरा लोटलं तर ती रुळाच्या टोकापर्यंत सरळ गेली, आवाजसुद्धा केला नाही. मी तिला पुन्हा मागं आणलं, पुन्हा लोटलं. किती वेळ तेच करत बसलो होतो कोण जाणे.

मी सुधारत होतो रे. माझा हात सुधारत होता. या वयात, थरथरत का होईना, मला एक गोष्ट यायला लागली होती, आणि ती बघायला कुणी नव्हतं. जे बघू शकत होते त्यांनी दोन वाघिणींतच माझा हिशेब आटोपला. तू मला फसवलंस याचा राग एक दिवस निवेल. तू तिसरी उघडून बघितली नाहीस, हे मात्र माझ्याच्यानं विसरणं होणार नाही.

आता मामीचं. तू तिचं नाव लिहून स्वतःचं ओझं हलकं केलंस आणि ते माझ्या घरात आणून टाकलंस. पत्र वाचलं त्या दिवशी मी तिच्याशी धड बोललो नाही. तिला वाटलं उपवासाचा थकवा असेल, तिनं मुगाचं पाणी करून दिलं. मेळ्यात काय झालं ते तिला माहीत नाही. तिचे गुडघे दुखत होते म्हणून ती आली नव्हती, आणि तूही तिला काही कळवलेलं दिसत नाही. पाचही छतं मी पुन्हा चिकटवली होती आणि त्या वाघिणी कपाटात जिथल्या तिथं मांडल्या होत्या.

काल दुपारी माझ्या खऱ्या वाघिणी टेबलावर होत्या आणि ती चहा घेऊन आली. मी त्यांच्यावर वर्तमानपत्र ओढलं. तिनं कपाटाकडे बघितलं आणि म्हणाली, "किती सुबक झाल्यात. तुमच्या हाताला अजून काही झालेलं नाही." असं ती दर चार-आठ दिवसांनी म्हणते. दोन वर्षं मी ते ऐकून खूश व्हायचो. काल पहिल्यांदा ती ते म्हणत असताना मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या हातातल्या कपाकडे बघत होती. चहा हिंदकळतो का ते बघत होती. भ्यायली होती ती. दोन वर्षं रोज अशी भीत असणार, आणि मी तिच्यासमोर वाघिणींच्या गोष्टी सांगत होतो.

तिच्यावर ओरडायला माझं तोंड उघडलं होतं. सगळे शब्द तयार होते. पण बोललो ते एवढंच, "हो ना, रंग पण छान बसलाय."

तिच्या चेहऱ्यावरचा ताण असा सुटला की मला तिथून उठून जावं लागलं.

तेव्हा आता नीट वाच. सहावी मी पुरी करतो आहे. झाली की तुझ्याकडे पाठवीन, कारण नाही पाठवली तर मामी का म्हणून विचारेल. तू नेहमीसारखी तुझी एक रंगवून परत पाठव. सोबतच्या पत्रात माझ्या कामाचं कौतुक कर, नेहमी करतोस तसंच, कारण ती पत्रं ती माझ्याकडून वाचून घेते. माझी मात्र उघडून बघ, आणि चाकं तिरपी असली तर वेगळ्या कागदावर तसं लिहून दुकानाच्या पत्त्यावर धाड.

मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. शपथ घालत नाही, तुझ्याकडे ती टिकत नाही. नुसतं सांगतो. तुम्ही दोघांनी मिळून मला सांभाळलंत. तिला आता मी एकटा सांभाळणार आहे, आणि हे काम तरी मला माझ्या हातानं पुरं करू दे.

कांतीमामा